हिरव्या पाल्याची वाट

बाण थेट गोठ्यात जात होता.

पिवळा, ठसठशीत, माझ्याच हातचा. गोठ्याच्या पायरीवर तो रुबाबात बसला होता आणि त्याचं टोक आतल्या म्हशीकडे होतं. म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत होती. मागे तीन पावलांवर खांबेटे सर उभे होते आणि ठरल्याप्रमाणे तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. त्यांच्या मिशा मात्र हलत होत्या.

ही त्र्याण्णवच्या सप्टेंबरातल्या एका शनिवारची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते, पुण्यात टेलिफोन खात्यात नोकरीला होते आणि महिन्यातला एक रविवार आमच्या गिर्यारोहण मंडळाबरोबर डोंगरात काढत होते. मंडळाच्या लीडरच्या गळ्यात लाल दोरीतली एक पितळी शिट्टी असायची. सतरा वर्षांत ती एकाही मुलीच्या गळ्यात पडली नव्हती. जुलैच्या बैठकीत मी सरळ उठून म्हणाले की ती मला हवी आहे. कोणी हसलं, कोणी खोकलं. खांबेटे सर शाळेत गणित शिकवायचे आणि मंडळही वर्गासारखंच चालवायचे. ते म्हणाले, "ठीक आहे. टिपरीच्या नाळेतून मला खाली कोकणात उतरव. तू पुढे, मी मागे. मी बोलणार नाही, वाट सांगणार नाही. खालून साडेपाचची एसटी पकडून घरी आलो, तर शिट्टी तुझी. त्याच्या पुढच्या आठवड्यात रविवारी बेचाळीस माणसं त्याच वाटेने तू न्यायचीस."

नाळ म्हणजे कड्याच्या घळीतून उतरणारी अरुंद वाट. टिपरीच्या नाळेला पोचेपर्यंत गवतात आणि कारवीच्या झुडपांत इतके फाटे फुटतात की भलेभले चुकतात. मी हुशारी केली. दोन आठवडे आधी, एका रविवारी, वाट ठाऊक असलेल्या दळवी नावाच्या मित्राला घेऊन गेले आणि पिवळ्या रंगाने बाण काढून आले. पावसाने कातळ ओला होता, त्यावर रंग धरेना. मग एका कपारीतले कोरडे, सपाट दगड निवडले, तिथेच बसून अकरा दगडांवर बाण रंगवले आणि एकेक फाट्यावर नेऊन मांडला. दोन फाट्यांवर पाल्याचे ढीग आडवे आले, ते पायाने बाजूला सारून दगड नीट बसवले. काम इतकं देखणं झालं होतं की दळवी म्हणाला, आता इथून आंधळासुद्धा उतरेल.

आणि आता त्यातला पहिलाच बाण म्हशीला वाट दाखवत होता.

झोपडीतून एक बाई बाहेर आली. चाळिशीची, काटक, डोक्यावर पदर, हात शेणाने भरलेले. धनगरवाड्यावर तीनच घरं होती, त्यातलं हे कड्याच्या बाजूचं शेवटचं. ठकूबाई मरगळे तिचं नाव.

"कुनाला बघतासा?" ती म्हणाली.

"हा दगड तुम्ही कुठून आणलात?"

"खालनं, वाटंवरनं. बेस सपाट हाय. दोन चुलीला घातलं, ह्यो पायरीला, येक आमच्या आत्याबाईला बसाया दिला. उरल्यालं त्या वाघरात."

वाघर म्हणजे करडांसाठी रचलेला दगडी आडोसा. तिच्या बोटाच्या दिशेने बघितलं, तर भिंतीतून माझे सात बाण सात दिशांना निघाले होते. एक आभाळाकडे, एक जमिनीत, एक चक्क पुण्याकडे.

"अहो, पण त्यांच्यावर खुणा होत्या. वाटेच्या."

"व्हय, पिवळं हाय काय तरी," ठकूबाई कौतुकाने म्हणाली. "ग्वाड दिसतंय."

मागून घशात अडकलेला एक आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. सर हसतायत हे पाहिलं असतं तर मी तिथेच खचले असते.

शेवटचा दगड झोपडीच्या दाराशी होता आणि त्यावर एक म्हातारी बसली होती. पंचाहत्तरीच्या पुढची, हातात उंच काठी, नजर समोरच्या धुक्यात कुठेतरी लागलेली. आम्ही आलो, बोललो, तरी तिने मान वळवली नाही. तिला दिसत नसावं हे माझ्या लक्षात आलं, आणि तेवढंच आलं. ठकूबाईने ताक पाजलं. नाळेची वाट कुठली, हा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर होता. पण लीडर वाट विचारत नाही, शोधतो, असं मीच मनाशी ठरवून टाकलं होतं. सरांनी तशी अट घातलीच नव्हती. ताकाचा लोटा परत दिला आणि "चला सर" म्हणून मी ताठ मानेने धुक्यात शिरले.

साडेदहा वाजले होते. धुकं इतकं दाट की पुढची कारवी हात लागल्यावरच दिसत होती. पहिल्या फाट्यावर मी थांबले. डावीकडची वाट रुंद, उजवीकडची गवतात लपलेली. मागच्या वेळी इथे कुठे गेलो होतो? दळवी गाणं म्हणत होता, एवढंच आठवत होतं. मी रुंद वाट धरली. पायाखाली काळ्या, कुजक्या पाल्याचा एक ढीग पचकन दबला. मी तो ओलांडून भराभर चालत राहिले. पाऊण तास वाट कशी झकास उतरत गेली. मी मनातल्या मनात बेचाळीस माणसांना शिट्टी मारून थांबवतसुद्धा होते.

अचानक माझ्या पाठपिशवीचा पट्टा मागून खेचला गेला आणि मी धपकन बसले. त्याच क्षणी वारा आला, धुकं फाटलं, आणि माझ्या बुटांच्या टोकांपुढे काहीच नव्हतं. सरळ दोन हजार फूट खाली कोकण पसरलं होतं. भाताची पोपटी खाचरं, नदीचं वळण, आंबेशेत गावची कौलं, आणि रस्त्यावरून जाणारी काडेपेटीएवढी लाल एसटी. वाट दरडीबरोबर कोसळून गेली होती. भीती वाटली हे खरंच, पण खोटं कशाला बोलू, इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. मी बसल्या जागी हसत सुटले. सरांनी पट्टा सोडला आणि घाम पुसला. ते अजूनही बोलले नाहीत.

परत चढून धनगरवाड्यावर आलो तेव्हा साडेबारा झाले होते. आता मानापमान परवडणारा नव्हता. मी ठकूबाईच्या समोर जाऊन उभी राहिले.

"ठकूबाई, मी चुकले. नाळेची वाट सांगता का?"

"आगं, मगाच इचारायचं की," ती म्हणाली. "पाला बघत जायाचं."

"कसला पाला?"

"वाटंच्या आईचा. दर फाट्याला जी वाट खरी, तिच्या तोंडाशी पाला वाहायचा. जो जाईल त्यानं येक डहाळी टाकायची. हिरवा पाला दिसंल तिकडं बिनघोर जावा. काळा पडल्याला दिसला तर मागं फिरा, तिथनं कुनी जात न्हाय. त्या डावीकडल्या वाटंची दरड गेली, दोन वर्सं झाली."

मी थक्क होऊन ऐकत राहिले. किती साधं आणि किती पक्कं. रंगाचा बाण वाट कोसळली तरी त्याच दिशेला दाखवत राहतो. हा पाला रोज नवा होत होता, आज सकाळी वाट चालू होती की नाही ते सांगत होता. मला नाचावंसं वाटलं. मी डायरी काढून लिहायलाही लागले.

"आमच्या आत्याबाईला दिसत न्हाय," ठकूबाई पुढे म्हणाली, "तरी बाजाराला येकली उतरायची आन् येकली चढायची. फाटा आला की काठीनं पाला चाचपायची. पर आता झालं तिचं. डोस्कं चालंना."

"का? काय झालं?"

"पंध्रा दिस झालं. रविवारी बाजाराला गेल्याली, लेकीकडं ऱ्हाऊन सोमवारी सकाळी वर याया निघाली आन् चुकली. दिसभर कड्याच्या कपारीत बसून व्हती. म्हनती, पाला नव्हता, काठीला दगुड लागला. आता पाला नसंल कसा? मी सवता त्याच दुपारी तितनं आले, पाला टाकला, ह्ये दगुड बी तवाच उचाललं. आन् वाटंच्या आईचा पाला काढाया कुनाचा हात धजंल? उद्या जावई येनार हाय, तिला खाली घिऊन जानार. लेकीच्या दारात बसंल बिचारी. हितं कड्यावर आता तिचा भरवसा न्हाय."

माझी पेन्सिल थांबली. पायाने सारलेले ते दोन ढीग मला लख्ख आठवले. रविवारी दुपारी सारलेले. सोमवारी सकाळी ती म्हातारी धुक्यातून वर आली, काठी पुढे केली, आणि पाल्याच्या जागी माझा देखणा दगड लागला.

म्हातारी त्याच दगडावर बसून होती. आमचं बोलणं तिला ऐकू जात होतं. पंधरा दिवस तिने हेच ऐकलं असणार. सर दोन हातांवर उभे होते, त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. घड्याळात एक वाजायला आला होता आणि आता निघालो तर साडेपाचची एसटी सहज मिळत होती. मी डायरी पिशवीत घातली आणि निघाले.

त्यानंतरचा दीड तास मी कधी विसरणार नाही. पहिल्या फाट्यावर उजवीकडे गवतात हिरवा ढीग होता, वरची डहाळी अजून सुकलेली नव्हती. मी एक डहाळी तोडून टाकली. दुसऱ्या फाट्यावर ढीग, तिसऱ्यावर ढीग. धुक्यातून फाटा समोर यायचा, मी गुडघ्यांवर बसून शोधायचे आणि हाताला ओला, ताजा पाला लागायचा. आनंदाने ओरडावंसं वाटायचं. सरही उत्साहात आले होते. पुढे वाकून ढीग बघत होते, आपली डहाळी टाकत होते, आणि न बोलण्याच्या शपथेमुळे नुसतेच माझ्या पाठीवर थोपटत होते. नाळेचं तोंड आलं, आम्ही हात टेकवत दगडांवरून उतरलो, कातळाच्या पट्टीवरून भिंतीला पोट लावून सरकलो. मध्येच धुकं विरळ झालं आणि खालची खाचरं बरीच जवळ आलेली दिसली. जिंकल्यासारखं वाटत होतं. आणि दर डहाळीबरोबर आत काहीतरी टोचत होतं.

नाळेच्या मध्यावर एक फाटा होता. तिथे मी पोचले आणि थांबले. ही जागा मला ओळखू आली. वाटेच्या तोंडाशी पाला होता, हिरवा होता, पण जेमतेम वीतभर. बाकीच्या ढिगांना खाली वर्षानुवर्षांचा काळा, दबलेला थर होता. याला नव्हता.

खांबेटे सर वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग दिवसभरात पहिल्यांदा बोलले.

"इथला ढीग एवढासा का?"

वाऱ्याने उडाला असेल, असं म्हणता आलं असतं. सरांना ते पटलंही असतं. एसटी तीन तासांवर होती, शिट्टी हाताच्या अंतरावर.

"इथला मी काढला," मी म्हणाले. "बाणाचा दगड ठेवायला. वरच्या एका फाट्यावरचाही. ती म्हातारी चुकली नव्हती, सर. पाला खरंच नव्हता."

सर सरळ उभे राहिले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले.

मी वर पाहिलं. धुक्यात गेलेली नाळ, तो सगळा चढ. मग खाली पाहिलं. रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. चोवीस वर्षांच्या मुलीला एखादी गोष्ट किती हवी असू शकते हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते कळेल. "तुम्ही खाली जा सर," मी म्हणाले. "एसटी मिळेल तुम्हाला. जावई उद्या येणार आहे, त्याच्या आत मला वर पोचायला हवं."

"मी मागे चालायचं असं ठरलंय," सर म्हणाले. "तू कुठे जातेस तो तुझा प्रश्न."

चार वाजून गेल्यावर मी धापा टाकत धनगरवाड्यावर पोचले. म्हातारी तिथेच होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ढीग, पाय, दगड, बाण. ठकूबाई शेणाची पाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

म्हातारीने काठी जवळ ओढली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"ठके," तिने हाक मारली, आणि तो आवाज तिन्ही घरांत गेला असणार. "ठके, आयकलंस का? दगुड व्हता म्हनाली. मी काय म्हनत व्हते?"

"व्हय आत्याबाई," ठकूबाईचा आवाज बारीक झाला.

"म्हातारीला येड लागलं म्हनत व्हता न्हवं? पंध्रा दिस दारात बसवलीया मला." ती काठी टेकून उठली. दगड रिकामा झाला, पिवळा बाण दिसू लागला. मग ती माझ्याकडे वळली. "पोरी, पाय पुढं कर. ज्या पायानं पाला सारलास त्यो."

मी उजवा पाय पुढे केला. तिने काठीने चाचपून तो नेमका शोधला आणि नडगीवर एक सणसणीत ठेवून दिली.

"ह्यो वाटंच्या आईचा," ती म्हणाली. "आता मिटलं. ठके, भाकरी टाक, पोरगी दमली आसंल."

रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आम्ही मेल्यासारखे झोपलो. सकाळी जाग आली तेव्हा म्हातारी लुगडं खोचून, पाठीला गाठोडं बांधून दारात उभी होती. रविवार होता आणि रविवारी ती बाजाराला जात असे.

ती पुढे, मी तिच्या मागे, सर माझ्या मागे. मी इतक्या वेगाने कधी डोंगर उतरलेले नाही. फाटा आला की काठी पुढे जायची, पाल्यात सळसळ व्हायची आणि ती न थांबता वळायची. कातळाच्या पट्टीवरून ती माडीवर चालावं तशी गेली. आम्ही हातापायांवर तिच्या मागे. नाळेच्या मध्यावर, त्याच फाट्याशी, खालून एक धिप्पाड माणूस घामाघूम होऊन वर येत होता. तिला न्यायला निघालेला जावई. सासूला समोर बघून त्याने आ वासला.

"आलासा जावईबापू?" काठीच्या आवाजावरून की पावलांवरून कोण जाणे, तिने त्याला ओळखलं. "बरं झालं. फिरा मागं. बाजारातनं मिठाचं पोतं आनायचं हाय, वर न्ह्यायला सोबत व्हईल."

तो मुकाट्याने मागे फिरला.

साडेदहाला आम्ही आंबेशेतच्या थांब्यावर होतो. म्हातारी बाजाराच्या दिशेने निघून गेली, जाताना तिने माझा चेहरा हाताने चाचपला. अकरा वाजता पुण्याची एसटी आली. मी पिशवी उचलली. सर आंब्याच्या झाडाखाली बसूनच राहिले.

"सर, गाडी."

"जाऊ दे."

दोन वाजता आणखी एक आली. रिकामी होती. सरांनी कंडक्टरला हात हलवून ती पुढे पाठवली आणि झोपले. मला काही विचारायची हिंमत नव्हती. कालची परीक्षा काल संपली होती, नापास झालेल्याने मास्तरांना काय विचारायचं? मी मिसळ खाल्ली, नडगीवरचं टेंगूळ चोळलं, समोरच्या कड्यातली आमची वाट डोळ्यांनी शोधत बसले. ती सापडली तेव्हा एकटीच हसले.

साडेपाचची एसटी पाच चाळीसला आली. सर उठले, पँट झटकली आणि आत जाऊन खिडकीपाशी बसले. मी शेजारी बसले. गाडी सुटल्यावर त्यांनी गळ्यातली लाल दोरी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"पण सर, एसटी तर काल..."

"साडेपाचची म्हणालो होतो," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "वार सांगितला नव्हता."

पुढच्या रविवारी बेचाळीस माणसं टिपरीच्या नाळेतून उतरली. मी पुढे होते, शिट्टी गळ्यात होती. दर फाट्यावर थांबून मी प्रत्येकाला डहाळी टाकायला लावली, आणि मंडळी इतकी रंगात आली की काहींनी अख्ख्या फांद्या वाहिल्या. मधल्या फाट्यावरचा तो वीतभर ढीग कमरेएवढा झाला. मला वाटलं, फेडलं आपण.

दिवाळीनंतर दळवी त्या बाजूला जाऊन आला. ठकूबाईने त्याच्याकडे माझ्यासाठी निरोप दिला होता. आत्याबाई म्हणतात, त्या शिट्टीवाल्या पोरीला सांगा, पाला टाका पर मूठभर टाका, काठी रुतती.